उरलेलं गॉज

चि. मुक्ता हिस,



परवा फोनवर तू विचारलंस, ‘आत्या, ड्रेसिंगच्या किटमध्ये गॉजचे पाच तुकडे येतात, बाबांच्या पायाला तीनच लागतात. उरलेले दोन स्वच्छ डब्यात ठेवले तर पुढच्या वेळी चालतील ना?’ मी ‘नाही’ म्हटलं, आणि तेवढ्यात तुला दुसरा फोन आला. नुसतं ‘नाही’ म्हणून घातलेला नियम घरात चार दिवस टिकतो, पाचव्या दिवशी कुणीतरी तो मोडतंच. म्हणून कारणासकट लिहिते आहे. पत्र लांबेल. वॉर्डात असताना कुणाला एवढं समजावायला वेळ मिळायचा नाही, आता भरपूर आहे.

पाकीट फोडलं की त्यातलं सगळं त्याच वेळेचं. हात लावला नसला तरी. वस्तू न वापरलेली असणं वेगळं आणि निर्जंतुक असणं वेगळं. तुझा डबा घासूनपुसून लख्ख असेल, पण तो निर्जंतुक नाही. तो उघडणारे हात नाहीत, स्वयंपाकघरातली हवा नाही. दोन दिवसांनी त्या तुकड्यांकडे बघशील तर ते तसेच पांढरेशुभ्र दिसतील, आणि इथेच सगळी पंचाईत आहे. जंतू डोळ्यांना दिसत असते तर आम्हा सिस्टरांची निम्मी भांडणं वाचली असती.

मी नोकरीला लागले तेव्हा किट नव्हतं, ड्रम होता. स्टीलचा गोल डबा, अंगाला भोकं, भोकांवर सरकणारी पट्टी. दुपारी वॉर्ड जरा निवला की सिस्टर आणि मावश्या गॉजचं ठाण घेऊन बसायच्या. कापायचं, घड्या घालायच्या, सुटे धागे आत वळवायचे, कापसाचे बोळे करायचे, जाड कापूस गॉजमध्ये गुंडाळून पॅड तयार करायचे. कुणाची बदली झाली, कुणाच्या सासूने काय केलं, सगळ्या बातम्या तिथेच कळायच्या. मग ड्रम भरायचा, वाफ आत शिरावी म्हणून भोकं उघडी ठेवायची आणि तो ऑटोक्लेव्हला पाठवायचा. दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअस, आणि तेवढं तापमान किमान पंधरा मिनिटं टिकलं पाहिजे. ड्रम बाहेर आला की पहिलं काम भोकं बंद करण्याचं. हे विसरणाऱ्या मुलीला जे ऐकावं लागायचं ते इथे लिहीत नाही.

सकाळी ड्रम वॉर्डात यायचा तेव्हा तो खरोखर निर्जंतुक असायचा. प्रश्न त्यापुढचा. एकाच ड्रममधून अख्ख्या वॉर्डाचं ड्रेसिंग व्हायचं. प्रत्येक खाटेपाशी झाकण उघडायचं, लांब चिटल फोर्सेपने गॉज उचलायचं, झाकण लावायचं, ट्रॉली पुढे. तो फोर्सेप जंतुनाशकाच्या उभ्या बरणीत बुडवलेला असायचा. बरणीतलं द्रावण वेळेवर बदललं नाही तर त्या बरणीतच जंतूंचा संसार. म्हणून आम्ही क्रम लावायचो: ऑपरेशनच्या स्वच्छ जखमा आधी, पू असलेल्या शेवटी. क्रम सांभाळला तर बरंच निभायचं. पण मध्येच अपघाताचा पेशंट यायचा, नाहीतर राउंडला आलेले साहेब कोपऱ्यातल्या चिघळलेल्या पायाची पट्टी आधी सोडायला सांगायचे, आणि क्रम कोलमडायचा. आमच्यातली कुणी निष्काळजी होती म्हणून हे होत नव्हतं. एका डब्यावर तीस-चाळीस माणसं अवलंबून असली की दुपारपर्यंत त्या डब्याचं काय होईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

किटने नेमकं हे मोडलं. एक माणूस, एक जखम, एक वेळ, एवढ्यापुरतं सामान वेगळं बंद केलं. तुझ्या हातून एक पाकीट बिघडलं तर नुकसान त्या पाकिटापुरतं, शेजारच्या खाटेला त्याची झळ नाही. आता तू उरलेले दोन तुकडे डब्यात ठेवतेस, म्हणजे काय करतेस? आम्ही सोडून दिलेला ड्रम घरात पुन्हा सुरू करतेस. तोही ऑटोक्लेव्ह न केलेला.

या पाकिटामागे मोठी परंपरा आहे. १८६५ साली ग्लासगोच्या इस्पितळात जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून गेलेलं, हाड मोडून कातडी फाटलेली. त्या काळी अशी जखम सडली की पाय कापायचे, नाहीतर माणूस जायचा. सर्जन जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी त्या जखमेवर ठेवली. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळलं आणि मुलगा चालत घरी गेला. १८६७ साली लिस्टरने आपली पद्धत ‘द लॅन्सेट’मध्ये छापली, पण पुष्कळ सर्जन हसलेच; रक्ताने कडक झालेला कोट अंगावर मिरवणं तेव्हा अनुभवाचं लक्षण होतं. १८७६ मध्ये लिस्टर फिलाडेल्फियाला बोलायला गेला. श्रोत्यांत रॉबर्ट वुड जॉन्सन होता. दहा वर्षांनी त्याने भावांबरोबर कंपनी काढली आणि कारखान्यातच निर्जंतुक करून बंद केलेल्या पट्ट्या विकायला काढल्या. तुझ्या बाबांच्या कपाटात जे पांढरं पाकीट आहे त्याची सुरुवात ही.

आपल्याकडची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. मुंबईत तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात १९७४ साली ‘आयसोमेड’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. वैद्यकीय सामान गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा हा देशातला पहिला प्रकल्प. वाफेला एक अडचण असते: बरंचसं प्लास्टिक वितळतं, कागद ओला होतो. गॅमा किरणांना ना उष्णता लागते, ना पाकीट उघडावं लागतं. सामान भरून, शिवून, खोक्यात सीलबंद करून कोबाल्ट-६० समोरून फिरवायचं. किरण खोक्यातून आरपार जातात आणि जंतूंचा डीएनए मोडतात. साधारण २५ किलोग्रे एवढी मात्रा दिली जाते. सामानात किरणोत्सर्ग उरत नाही, ही भीती मनात असेल तर काढून टाक. नंतर पाकीट अखंड आणि कोरडं असेपर्यंत आत जंतू शिरत नाहीत. आपण ‘निर्जंतुक’ म्हणतो त्याचा कारखान्यातला अर्थही कडक आहे: एखादी वस्तू जिवंत जंतू घेऊन बाहेर पडण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून जास्त नको.

याच प्रकल्पात दाई किटही निर्जंतुक झालं. गावात सुईण बाळंतपण करायची तेव्हाची ही गोष्ट. नाळ कापायला विळा, नाहीतर घरातलं कुठलंही पातं. बांधायला हाताला येईल तो दोरा. वर राख, नाहीतर शेण. बाळ आठवड्याभरात धनुर्वाताने जायचं. दाई किटमध्ये होतं काय? नवं पातं, दोरा, साबण, गॉज, खाली अंथरायला प्लास्टिक. त्याबरोबर सुईणींना पाच स्वच्छता शिकवल्या जात: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पातं स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळेचं टोक स्वच्छ. आईला धनुर्वाताची लस मिळाली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आणि २०१५ साली बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं. श्रेय एकट्या किटचं नाही. पण त्या पाचांत ‘हात’ पहिला होता हे लक्षात ठेव, कारण पुढे मी त्यावरच येणार आहे.

त्याआधी पाकीट वाचायला शिक. मेडिकलवाला देतो ते आपण पिशवीत टाकतो, वाचत कुणीच नाही. वर्तुळात दोनचा आकडा आणि त्यावर तिरपी रेघ असेल, तर एकदाच वापरायचं. ‘स्टराइल’ शब्दाशेजारी चौकटीत ‘आर’ असेल तर किरणांनी निर्जंतुक केलेलं, ‘ईओ’ असेल तर एथिलीन ऑक्साइड वायूने. वाळूच्या घड्याळाचं चित्र मुदतीसाठी. फाटक्या पाकिटाच्या चित्राचा अर्थ असा, की पाकीट फाटलेलं असेल तर वापरू नका. पुष्कळ पाकिटांवर रंग बदलणारा ठिपका असतो. तो फक्त एवढंच सांगतो, की हे पाकीट त्या प्रक्रियेतून गेलं आहे. गेल्यानंतर त्यावर पाणी सांडलं का, हे ठिपका सांगत नाही. कागदाची बाजू ओली झाली की जंतूंना वाट मिळते. वाळल्यावर डाग राहिला असेल तर ते पाकीट मुदतीत असूनही बाद. म्हणून किट न्हाणीघराच्या फळीवर नको, ओट्याखाली नको, आणि रबरबँड लावून दुमडलेलं तर अजिबात नको. घडीच्या जागी कागदाला चीर जाते.

आता हात. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने विद्यार्थ्यांना बाळंतिणींना तपासण्याआधी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. शवविच्छेदनाच्या खोलीतून मुलं थेट बाळंतिणींकडे यायची, आणि बायका तापाने पटापट मरायच्या. हात धुणं सुरू झालं आणि मृत्यू झपाट्याने उतरले. तेव्हा जंतूंचा सिद्धांत कुणाला माहीत नव्हता, किरण नव्हते, किट नव्हतं. केवळ धुतलेल्या हातांनी हे घडलं. म्हणून मी म्हणते, मुक्ता, कारखाना तुला निर्जंतुक सामान देतो ते पाकीट फुटेपर्यंत. त्यानंतरची दहा मिनिटं तुझी असतात, आणि जखमेचं काय होणार ते त्या दहा मिनिटांत ठरतं.

पंखा बंद कर. खोली झाडून लगेच ड्रेसिंगला बसू नकोस, धूळ खाली बसू दे. टेबल पुसून कोरडं कर. सलाइनची १०० मिलीची छोटी बाटली घे. मोठी स्वस्त पडते हे मलाही कळतं, पण उघडी बाटली फ्रीजमध्ये जाते आणि तिथे कोथिंबिरीशेजारी आठवडा काढते. लहान घे, उरलेलं ओतून दे. अंगठ्या-बांगड्या उतरव. साबणाने हात धू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं सगळं धरून ४० ते ६० सेकंद. मोबाइल दुसऱ्या खोलीत. तो किटपेक्षा महाग असेल, पण घरातल्या घाणेरड्या वस्तूंपैकी तो एक.

पाकीट उघडलं की आतलं कागदी कापड कोपऱ्यांना धरून पसर. मधल्या भागाला बोट लागू देऊ नकोस. हा भाग नव्या मुलींना समजवायला मला आमच्या आजीचं सोवळं उपयोगी पडायचं. सोवळ्यात ‘जरासंच शिवलं’ असं काही नसतं. शिवलं की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. त्या सोवळ्यात माणसांचा विटाळ मानायचे, ते गेलं ते बरंच झालं. इथे विटाळ जंतूंचा आहे आणि तो खरा आहे. गॉजचा तुकडा कापडाच्या बाहेर पडला तर तो उचलून आत ठेवायचा नाही. आपण बघितलं नसतं तर चाललं असतं, अशी यात सोय नाही.

किटमधली छोटी पिशवी नुसती कचऱ्यासाठी असते असं बहुतेकांना वाटतं. ती आधी हातात घाल, त्या हाताने जुनी पट्टी उचल, आणि पिशवी उलटी कर. पट्टी आत, हात कोरडा. पट्टी चिकटली असेल तर ओढू नकोस. सलाइनने भिजव, दोन-चार मिनिटं थांब. ओरबाडून काढलेल्या गॉजबरोबर नवी आलेली कातडीही निघते, आणि दादाच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, पायाला बधिरपणा असल्याने तो ‘आई गं’ देखील म्हणणार नाही. जुनी पट्टी गेली की हात पुन्हा धू. लोक चुकतात ते इथे. घाण काम संपलं आणि स्वच्छ काम सुरू व्हायचं आहे, या मधल्या फटीत त्यांना घाई होते. मग हातमोजे, दुमडलेल्या कडेला आतून धरून. एक बोळा एकदाच फिरवायचा, स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे, आणि टाकायचा. मागे फिरवायचा नाही. जखमेच्या आत सुटा कापूस कोंबू नकोस, त्याचे तंतू आत राहतात.

हे सगळं अगदी बिनचूक केलंस तरी जखम भरेलच असं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. किट जखम भरत नाही, बाहेरचे नवे जंतू आत नेण्याचं टाळतं. भरून येण्याचं काम रक्तपुरवठा, साखर आणि विश्रांती यांचं. भारतात मधुमेहाची सुमारे १० कोटी माणसं असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीतून पुढे आला. अशा माणसांच्या पायाच्या जखमा मी आयुष्यभर पाहिल्या. निर्जंतुक पट्टी बांधून त्याच पायावर भाजी आणायला निघालेली माणसं पाहिली. तुझे बाबा माझे थोरले भाऊ आहेत, म्हणून जरा जोरात लिहिते: पायावर भार पडतो आहे तोवर तू सोन्याचं किट आणलंस तरी उपयोग नाही.

आणि जखमेवर हळद नको, दगडीपाला नको, तंबाखू नको, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस नको. फेस आला की लोकांना वाटतं घाण निघते आहे. त्यात नव्या पेशीही मरतात. ‘जखम सुकवायची’ हा आपला जुना हट्ट आहे. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की ओलसर झाकून ठेवलेल्या जखमेवर कातडी उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने येते. मात्र काळं पडलेलं कोरडं बोट ओलं करायचं नसतं. म्हणजे कुठली जखम ओलसर ठेवायची, कुठली कोरडी, हे डॉक्टर ठरवतील. तू नाही, मीही नाही. वास आला, लाली पसरली, ताप आला, काळपटपणा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

आता पैशाचं, कारण तुझ्या प्रश्नाच्या मुळाशी तेच आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दिवसाआड किट म्हणजे महिन्याला पंधरा. मध्यमवर्गीय घराला ते टोचतं. तर ऐक: प्रत्येक जखमेला निर्जंतुक किट लागतंच असं नाही. साध्या ताज्या जखमा नळाच्या पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याने धुतल्या तर सलाइनपेक्षा जास्त जंतुसंसर्ग होतो, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. शेजारचं पोर गुडघा खरचटून आलं तर साबण-पाणी पुरे. त्याच्यासाठी किट फोडणं ही उधळपट्टी. जुन्या, उथळ, हळूहळू भरणाऱ्या जखमेसाठीही डॉक्टर कधीकधी निर्जंतुक नाही, नुसती स्वच्छ पद्धत चालेल म्हणतात. याउलट ऑपरेशनची ताजी जखम, हाड किंवा स्नायूबंध दिसेल इतकी खोल जखम, डायलिसिसच्या नळीची जागा, इथे तडजोड नाही. आणि पूर्ण किटच घ्यायला हवं असंही नाही. दोन-दोन गॉजची छोटी निर्जंतुक पाकिटं मिळतात, निर्जंतुक हातमोज्यांची जोडी वेगळी मिळते. तीन तुकडे लागत असतील तर दोन छोटी पाकिटं फोड. महागडं किट तीन दिवस पुरवण्यापेक्षा स्वस्त पाकीट एकदाच वापरणं शंभर पटींनी बरं. किटमधला प्लास्टिकचा चिमटा उकळून पुन्हा वापरायचा विचार डोक्यात आला असेल तर सोड. तो वाकतो, आणि उकळून निर्जंतुकही होत नाही. तो धुऊन भुवया कोरायला ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ते एक वेळ चालेल, जखमेला नाही.

कचरा खूप होतो, हे तुझं म्हणणं खरं आहे. एवढंसं ड्रेसिंग आणि केवढं प्लास्टिक! मलाही ते खटकतं. दवाखान्यात जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्त-पू लागलेलं गॉज पिवळ्या पिशवीत आणि हातमोजे लाल पिशवीत जातात, पुढे त्यांची वेगवेगळी विल्हेवाट लागते. घरात तशी सोय नाही. निदान ओल्या-सुक्या कचऱ्यात उघडं टाकू नकोस. कागदात बांध, वेगळी पिशवी कर आणि घंटागाडीवाल्या ताईंना हातात देताना सांग, की यात जखमेची पट्टी आहे. त्यांच्या हातात बहुतेक वेळा मोजे नसतात.

आत्तापर्यंत डब्यात जे तुकडे साठले असतील ते फेकू नकोस. टेबल पुसायला घे, चष्मा पुसायला घे. जखमेपासून लांब ठेव म्हणजे झालं. दादाला पुढच्या वेळी डॉक्टरांकडे नेशील तेव्हा किटचं रिकामं पाकीट बरोबर ने, आणि दोनच गोष्टी विचार: या जखमेला अजून निर्जंतुक सामानच हवं का, आणि ड्रेसिंग दिवसाआड हवं की दोन दिवसांआड चालेल? काय म्हणतात ते त्याच दिवशी मला फोन करून सांग.

तुझी,
आत्या